एक कान उघडा

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की आमच्या यवतमाळातल्या बाभळी पुन्हा फुलतात. खोटी फुलं असतात ती. वर आभाळापर्यंत भरलेले टेम्पो रस्त्यानं जातात, कडेच्या फांद्या त्यांना ओरबाडतात आणि काट्याकाट्याला पांढरा पुंजका अडकून राहतो. विजेच्या तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर, माझ्या गॅलरीच्या जाळीवर कापूसच कापूस. काल एक पुंजका आमच्या ह्यांच्या मिशीवर येऊन बसला आणि हे तसेच भाजी आणून परत आले. मी सांगितलं नाही. सगळ्या मंडईनं पाहिलं असेल याचा आनंद मी दुपारपर्यंत पुरवला.

या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, तुरीच्या ओल्या शेंगा आठवतात, उन्हात बसून सोललेली बोरं आठवतात. मला भीती आठवते. जाळीवरचा तो पुंजका वाऱ्यानं जरा हलला की माझ्या मानेवरचे केस आधी उभे राहतात आणि मग मला कळतं, कापूस आहे. गेली काही वर्षं असंच चाललं आहे. एका हंगामानं माझे कान बिघडवून ठेवले.

ते कान मुळात बिघडले कसे, ते सांगते. मी पन्नाशी ओलांडलेली, सरकारी कचेरीत आवक-जावक बघणारी, चतुर्थीला उपवास करणारी बाई आहे आणि मी मोबाइलवर माणसं मारते. हे वाक्य मी हळदीकुंकवात म्हणते तेव्हा दोघीतिघींच्या हातातली वाटी तशीच राहते. मग मी सावकाश सांगते, की तो गेम असतो. विमानातून उडी मारायची, रिकाम्या हातानं एका बेटावर उतरायचं, पडक्या घरांतून बंदुका शोधायच्या. भोवती एक वर्तुळ आवळत येतं, त्याच्या आतच राहायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. चौघाचौघांची टोळी असते आणि टोळीतली माणसं एकमेकांशी कानातल्या हेडफोनमधून बोलतात.

आमच्या चिरंजीवांनी एकदा जेवताना फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, आई, भाजी वाढून घेतो, तेवढं धर, काही करू नको, नुसती लपून राहा. मी नुसती लपून राहिले. एका न्हाणीघरात, कोपऱ्यात, बसकण मारून. आणि बाहेर पावलं वाजली. कुणीतरी त्या पडक्या घरात शिरलं होतं. फरशीवर बुटांचा आवाज, मग थांबला, मग जवळ. डावीकडच्या कानातून उजवीकडच्या कानात गेला. स्वयंपाकघरात बसलेली मी, समोर वरणभाताचं ताट आणि मला खरंच वाटलं, आता हा दार उघडणार. मुलगा पुढं नोकरीला परगावी गेला, गेम सोडला, लग्नाचंही मनावर घेईना. मी मात्र ते न्हाणीघर सोडलं नाही.

घरात दोनच माणसं उरली होती आणि दोघंही एकमेकांना पाठ झालेली. अशा घरात भीतीची चव काय लागते हे ज्यानं चाखलं त्यालाच कळेल. लोणच्यासारखी. जेवणभर नको, बोटभर हवी. बटण दाबलं की सुरू, बटण दाबलं की बंद. मेलं तर पुन्हा विमान तयारच. मी तर मरायचेही थाटात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला कधी चांगली भूमिका मिळाली नव्हती, ती सगळी हौस मी तिथं फेडली. गोळी लागली की मी हेडफोनमधून टोळीला निरोप द्यायचे, माझ्या मागं माझ्या बंदुकीचा सांभाळ करा वगैरे. बिचारे लढायचं सोडून हसायचे आणि तेही मरायचे.

पण तिथली सगळीच माणसं हसणारी नव्हती. बाईचा आवाज ऐकला की काहींच्या तोंडाला गटार फुटायचं. माझं ठीक होतं. मी आवाज बदलून, थंडपणे, मुख्याध्यापिकेच्या सुरात विचारायचे, बाळ, आईला फोन दे बरं. पलीकडं एकदम शांतता. कोवळ्या वयाच्या पोरींना हे जमत नाही. त्या एक बटण शिकतात, समोरच्याचा आवाज बंद करायचं. पहिल्याच आठवड्यात शिकतात आणि मग त्यांचा अंगठा आपोआप तिथं जातो, रस्त्यानं चालताना ओढणी सावरायला हात जातो तसा.

रेणू मला अशीच भेटली. अनोळखी चौघांची टोळी होती, सगळी हिंदीत आरडाओरड आणि मधूनच एक मुलगी चिडून म्हणाली, "अवं काकू, तिकडं कायले मरून राह्यल्या? इकडं या ना माह्या मागं."

बेटावर, बंदुकांच्या आवाजात, आपल्या जिल्ह्याची बोली ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विचारलं तर राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची निघाली. वीस-एकवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी, घरच्या शेतात राबणारी. त्यानंतर अफजल आला, दिग्रसचा, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा. हा इतका सभ्य, की समोरच्याला मारलं की "माफ करना भाई" म्हणायचा. चौथा गडी रोज नवा, गेमनंच जोडून दिलेला. आमच्या टोळीचं नाव मी ठेवलं, 'लाल डब्बा'. कारण आम्हीही एसटीसारखेच, वेळेवर पोचायचो नाही पण पोचायचो.

नायक रेणू. अंगातच होतं तिच्या. पावलं ऐकून सांगायची, दगडामागं एक, वरच्या मजल्यावर दोघं, एक जण बसून सरकून राह्यला. अफजलचा नेम चांगला. माझं काम औषधं वाहून नेण्याचं. बॉम्ब फेकायला मला सक्त मनाई होती. आमच्या गेममध्ये आपल्याच माणसाला आपली गोळी लागत नाही, तेवढी दया ठेवली आहे, पण बॉम्ब लागतो. आणि माझा बॉम्ब शत्रूला सोडून बाकी सगळ्यांकडं जायचा. खिडकीच्या चौकटीला लागून परत यायचा. अफजल म्हणायचा, "काकू, हात जोडतो, तुमी बम नोका फेकू. तुमी नुसत्या बोलत राहा, त्यानंच मरते दुश्मन."

आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. पण एकमेकांची घरं ऐकून पाठ झाली होती. माझ्याकडून त्यांना कुकरच्या शिट्ट्या आणि ह्यांचं खाकरणं ऐकू जायचं. अफजलच्या मागं जिनिंगची घरघर, हमालांची हाकाटी. रेणूच्या मागं शेत. वारा, बैलाच्या गळ्यातली घंटा, होल्यांचं घुमणं आणि तिच्या आईची हाक. आईला ती याडी म्हणायची. तांड्यात घराघरात नेटवर्क नव्हतं. त्यांच्या वावराच्या टोकाला, नाल्याच्या काठी, बांधावर एक मोहाचं झाड होतं, फक्त त्याच्या बुडाशी टॉवर लागायचा. दुपारी वानरं तुरीवर उतरतात, त्यांना हाकलायला ती तिथं बसायची. हातात गोफण आणि मांडीवर फोन. वानरांना गेमचा काय राग असेल कुणास ठाऊक, नेमकी आम्ही जिंकायला आलो की उतरायची.

त्या हंगामात मात्र हाकेला अर्थ आला होता, कारण राळेगावकडच्या जंगलातून एक वाघ शेतशिवारात उतरला होता.

पहिल्यांदा गायी गेल्या. मग सरपणाला गेलेला एक माणूस. मग वनखात्याची गाडी भोंगा लावून गावोगाव फिरू लागली, एकट्यानं शेतात जाऊ नका, खाली वाकून काम करू नका. आता कापूस वाकल्याशिवाय कसा वेचायचा? बायका घोळक्यानं जाऊ लागल्या, मोठमोठ्यानं बोलत, ताटल्या वाजवत. कंबरेपर्यंत वाढलेली कापसाची पऱ्हाटी. त्यात माणूस बसला तर दिसत नाही, मग ते काय दिसणार. आम्ही कितीतरी लांब, यवतमाळात, तरी इथंही लोकांना वाघ दिसू लागला. कुणाला दारव्हा रोडवर, कुणाला कॉलेजच्या मागं. ह्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं आणि कारण गुडघ्याचं सांगितलं. मी एकदा पडद्यामागून हळूच गुरगुरले. हातातला चहा सगळा पायजम्यावर. मी हसले खूप, पण हसून झाल्यावर दाराची कडी दोनदा बघितली.

रेणूला आम्ही म्हटलं, गेम बंद करू. ती म्हणाली, वानरं काय वाघासाठी थांबून राह्यली का, तूर तर राखावीच लागते. त्यांच्या घरात एक रीत ठरली होती. जो तो आपापल्या कामाला, पण हाकेच्या टप्प्यात. याडी पऱ्हाटीतून थोड्या थोड्या वेळानं हाक मारणार, रेणूनं ओ द्यायची. ओ आली नाही की समजायचं. पण हिच्या तर कानात हेडफोन. तिला कसली हाक ऐकू येते. हाक तिच्या फोनच्या माइकमधून आम्हाला यायची. मग मी यवतमाळातून नाहीतर अफजल दिग्रसहून सांगायचा, रेणू, याडीची हाक आली. ती ओरडायची, "ओ". पऱ्हाटीत वाकलेल्या त्या माउलीला काय माहीत, की आपल्या लेकीपर्यंत जाणारी हाक आधी जिल्ह्याची प्रदक्षिणा घालून येते.

आणि वानरांचं तिनंच शिकवलं आम्हाला. दोन खेळांच्या मधे गप्पा चालायच्या. ती म्हणाली, वानर किचकिचलं तर भांडण, हुप केलं तर मस्ती. पण एखादं झाडाच्या शेंड्यावर जाऊन खोकल्यासारखं खकरलं, थांबलं, पुन्हा खकरलं आणि बाकी सगळी गप, तर हातातला घास हातात ठेवून तिथून निघायचं. त्यानं पाहिलेलं असते. अफजलनं विचारलं, क्या देखा रहता? ती म्हणाली, "त्याचं नाव वावरात घेत नाही आम्ही."

एका मोबाइल दुकानदारानं जिल्ह्याची स्पर्धा ठेवली होती. जिंकणाऱ्या टोळीला नवे फोन. रेणूच्या फोनची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली होती, डाव्या कोपऱ्यातला शत्रू तिला दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. तिला तो फोन हवा होता. भरतीच्या सराव परीक्षा ती त्याच काचेतून द्यायची. मला काय, मला फक्त टाळ्या हव्या होत्या. शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. ती म्हणाली, घरी सांगून आली, आज तूर राखतो आणि परीक्षापण आहे. घरी गेमला परीक्षाच म्हणायची ती.

तो सामना मला आजही ऐकू येतो, दिसत नाही. चौथा गडी विमानातून उतरताच मेला. अफजलनं सहा-सात जणांची माफी मागितली आणि शेवटी तोही पडला. मेलेल्या माणसाला बघता येतं, बोलता येतं. शेवटच्या वर्तुळात उरलो रेणू आणि मी, एका मोठ्या खडकामागं, शेजारी शेजारी. पलीकडं कुठंतरी तिघं. वर्तुळ आवळत होतं. रेणू कुजबुजली, "काकू, हलू नोका. मी आता सगळ्यायचे आवाज बंद करतो, मले पावलं आयकू द्या."

हा तिचा नेम होता. शेवटच्या वर्तुळात ती सगळ्यांचे आवाज बंद करायची. शिव्या देणाऱ्यांचे, तसेच आमचेही. तिचा स्वतःचा माइक मात्र सुरू राहायचा, कारण हुकूम तिलाच द्यायचे असत. आजवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मी खडकाला टेकून बसले. गेममध्ये शांतता. माझ्या स्वयंपाकघरात शांतता, हे आत वामकुक्षी करत होते. रेणूच्या शेतात वारा होता. होले बोलत होते. मग ते बोलायचे थांबले.

मग खकरलं.

मला आधी वाटलं, आमचे हेच. मी दाराकडं पाहिलंसुद्धा. पुन्हा खकरलं. कोरडं, वरून येणारं, थांबून थांबून. गेममध्ये वानरं नाहीत. त्या बेटावर एक कोंबडीसुद्धा नाही.

अफजलनंही ऐकलं. तो म्हणाला, "काकू, वानर."

मी रेणूला हाक मारली. आवाज बंद केलेल्या माणसाला मारलेली हाक कशी असते, सांगता येत नाही. आपण ओरडतो आणि ते आपल्याच घरात पडतं. मी ओरडतच राहिले. अफजलनं तिचा फोन नंबर लावला. खेळताना येणारे फोन तिनं अडवून ठेवलेले असायचे. मी खेळातून निरोप लिहिला, तो तिच्या पडद्याच्या त्याच तडकलेल्या कोपऱ्यात गेला असणार. ती शांतपणे श्वास घेत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता, ती खोटी पावलं ऐकत बसली होती. डोळे काचेवर, कान बेटावर आणि पाठ नाल्याकडं.

तेवढ्यात याडीची हाक आली. लांबून, पऱ्हाटीतून. रेणू, वो रेणू.

सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ओ गेली नाही.

मी बंदूक वर करून हवेत गोळी झाडली. ती फुसफुसली, काकू, येडं लागलं का, जागा दाखवून राह्यल्या तुमी. मी तिच्यासमोर जाऊन उड्या मारल्या, बसले, उठले, लोळण घेतली. ती म्हणाली, नाटकं नोका करू. सगळा जन्म नाटकं करण्यात गेला माझा, आणि ज्या दिवशी ती खरी होती त्या दिवशी कुणी ओळखलं नाही.

याडीची दुसरी हाक आली. ती पहिलीपेक्षा जवळून आली. म्हणजे ओ मिळाली नाही म्हणून ती माउली बघायला निघाली होती. बांधाकडं. त्याच्याकडं.

माझ्या बोटांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. बॉम्ब निघाला. जन्मात माझा एक बॉम्ब जागेवर पडला नव्हता. कधी खिडकीला, कधी छताला, कधी माझ्याच पायाशी. तो मात्र गोल गोल फिरत गेला आणि रेणूच्या अगदी पायांपाशी जाऊन, शहाण्या मुलासारखा, थांबला.

पडदा पांढरा झाला. रेणू मेली.

हेडफोन कानातून ओढून काढल्याचा कचकन आवाज आला. "काकू, हे काय केलं," ती आता मोकळ्या हवेत म्हणत होती, म्हणजे लांबून, आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही.

वानर खकरलं. या वेळी तिनंही ऐकलं.

मग ती तांड्याच्या बोलीत काही म्हणाली. मला फक्त याडी एवढंच कळलं. मोठ्यानं नाही, दटावल्यासारखं. थांब म्हणत असावी, येऊ नको म्हणत असावी. फोन कशावर तरी आपटला. पऱ्हाटीतून खसखस, खसखस, लांब जाणारी. मग तीही नाही.

मी आणि अफजल, दोघंही हेडफोन कानाला लावून त्या रिकाम्या बांधावर बसून राहिलो. मी माझ्या ओट्यापाशी, तो त्याच्या काट्यापाशी, पण होतो आम्ही तिथंच, मोहाच्या बुडाशी, जमिनीला कान लावून. जिनिंगची घरघर थांबली होती. त्यानं कुणाला तरी यंत्र बंद करायला लावलं होतं बहुतेक. हंगामात जिनिंगचं यंत्र बंद करायला लावणं म्हणजे काय, हे दिग्रसकरांना विचारा.

वाळका पाला एकदा मोडला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, जवळ.

इथं मी हळदीकुंकवात डरकाळी घालते. बायकांना तीच हवी असते, मीही हौसेनं घालते, छोटी मुलं आईच्या पदराआड जातात. खरं ते असं, की डरकाळी नव्हती. श्वास होता. माइकच्या अगदी जवळ आलेला, लांब, ओलसर, दमलेला. दिवसभराचं काम आटपून घरी आलेला माणूस ओसरीवर टेकताना सोडतो तसा. दोन वेळा आला. तिसरा आला तेव्हा फोनवर थोडी माती सरकल्याचा आवाज झाला. तो वास घेत होता. काचेवर अजून तिच्या हातांचा घाम असेल. मला वाटलं, मी श्वास सोडला तर त्याला ऐकू जाईल. यवतमाळातून. माझ्या कानात एक वाघ उभा होता आणि मला दाबायला बटण नव्हतं.

मग लांबून ताटल्या वाजल्या, डबे वाजले, माणसांचा गलका झाला. पाला मोडत मोडत नाल्याकडं उतरला. त्यानंतर फोन बंद पडला.

त्यानंतरची दुपार मी कशी काढली, हे ह्यांना विचारा. उठून आले तर मी हेडफोन लावून जमिनीवर बसलेली, गॅसवरचं दुधाचं पातेलं जळून काळं. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, मी रेणूला मारलं. हे पन्नास वेळा ऐकलेलं वाक्य असल्यामुळं ते म्हणाले, बरं, मग चहा टाक. तिच्या वडलांचा नंबर आमच्याकडं नव्हता. तांड्याचं नावही नीट ठाऊक नव्हतं. रोज तास-दोन तास बोलणारी माणसं आणि एकमेकांचा पत्ता नाही, ही या खेळातली दोस्ती. अफजल मोटरसायकल काढून निघाला होता. कुठं जाणार, हे त्यालाही माहीत नव्हतं. राळेगावपर्यंत जातो, पुढं विचारत जातो म्हणाला. ऊन भिंतीवरून उतरून ओट्यावर आलं, ओट्यावरून खाली गेलं.

दिवेलागणीला अनोळखी नंबर वाजला. मी उचलला.

"काकू, मले काहून मारलं? तिघंच राह्यले होते."

मी रडू लागले. वडलांबरोबर ती वनखात्याच्या कचेरीत गेली होती, तिथल्याच कुणाच्या फोनवरून माझा पाठ असलेला नंबर लावून भांडत होती, नवा फोन गेला, महिनाभराची मेहनत गेली, सगळ्या जिल्ह्यासमोर आपल्याच माणसानं आपल्याला उडवलं. आवाज चढलेला, पण त्याच्या बुडाशी काहीतरी थरथरत होतं, भांड्याच्या झाकणासारखं. मग ते झाकण पडलं.

"तुमाले आयकू आलतं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"याडी अर्ध्या वाटेत होती, काकू."

मला माहीत होतं, मी म्हटलं.

मग तिनं हळूच विचारलं, फोन तिथंच राहिला होता, सुरूच होता, नंतर काही आयकलं का. मी सांगितलं, वारा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील वनखात्याची माणसं आणि अर्धा तांडा घेऊन बांधावर गेले. फोन पडला होता तिथंच होता. त्याच्या शेजारी, दव पडून मऊ झालेल्या मातीत, रुतलेलं एक पाऊल होतं. हेडफोनची एक वायर त्याच्याखाली दबलेली. रेणूचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "काकू, तुमी म्हणलं, वारा." आणि फोन ठेवला. पुढं त्याला पिंजऱ्यात घातलं की दुसऱ्या जंगलात हाकललं, वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात. मला त्याच्याबद्दल राग नाही. माझ्या कानाशी येऊन तो इतका दमून श्वास सोडून गेला आहे, की राग धरवत नाही. भीती मात्र गेली नाही. ती इथंच राहिली, भाडेकरूसारखी.

गंमत अशी, की आमचा तो सामना शेकडो पोरं बघत होती. काकूनं आपल्याच कप्तानाला उडवलं, ही चित्रफीत जिल्हाभर फिरली. भाजी बाजारात एका कांदेवाल्यानं माझा आवाज ओळखला आणि शेजाऱ्याला म्हणाला, जरा दूर उभा राय, ही बाई बम टाकते. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याला खोटी वाटली. खरी गोष्ट इतकी रंगवून सांगितली की ती खोटीच वाटणार, हे माझ्या लक्षात येईपर्यंत कांदे तोलून झाले होते.

मी गेम सोडला होता. वर्षभर हातात धरला नाही. बटण दाबून आणलेली भीती मला पोरखेळ वाटू लागली होती आणि खऱ्या भीतीची नक्कल करायला लाज वाटत होती. तो पुन्हा सुरू झाला तो रेणूमुळंच. आता ती यवतमाळात असते, भरतीच्या तयारीसाठी आणखी दोघींबरोबर खोली घेऊन. पहाटे मैदानावर पळते. पहिल्यांदा घरी आली तेव्हा दारात उभी राहून आधी माझ्याकडं पाहतच राहिली. म्हणाली, मले वाटलं तुमी उंच असान. मला वाटलं होतं ती दांडगी असेल. दारात उभी होती ती काडीसारखी पोर, पायात पळायचे बूट आणि हातात आईनं दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी.

रविवारी दुपारी ती येते. जेवते, ह्यांच्या शेजारी बसून बातम्या बघते आणि मग आम्ही बैठकीच्या खोलीत फोन काढतो. तीच तडकलेली काच. तिकडून अफजलची घरघर जोडली जाते. 'लाल डब्बा' अजून आहे, पण एक नवा नियम आहे. कुणीही दोन्ही कान झाकायचे नाहीत. एका कानात बेट, दुसरा कान उघडा, घरासाठी. अशानं पावलांची दिशा कळत नाही, आम्ही सारखे हरतो. नवी पोरं हसतात आम्हाला. हसू देत.

आज दुपारीही ती आली आहे. गॅलरीच्या जाळीवर कापसाचा पुंजका हलतो आहे. आत्ताच शेवटचं वर्तुळ लागलं. तिचा अंगठा सवयीनं त्या आवाज बंद करायच्या बटणाकडं गेला, थांबला आणि परत आला. पडद्यावरून डोळे न काढता ती मला विचारते, दर वेळी विचारते तसंच, "काकू, मागं कोणी नाही ना?"

मी मान वळवून बघते. खरोखर बघते. पडदा, दार, दारात पंच्यानं हात पुसत उभे असलेले हे.

"कोणी नाही," मी सांगते.

ती मान हलवते आणि उघडा कान दाराकडं करते.